नाकातली की हवेतली

मे महिन्याची दुपार, बाहेर लू वाहते आहे, कूलर घरघर करत कशीबशी गार हवा फेकतो आहे, आणि मी अंगावर शाल घेऊन थंडीने कुडकुडते आहे. आमच्या ग्वाल्हेरमधल्या थाटीपूरच्या घरात त्या उन्हाळ्यात हे दृश्य जवळजवळ रोज दिसायचं. शेजारीण एकदा विरजण मागायला आली आणि मला तशी पाहून उंबऱ्यावरूनच मागे फिरली. संध्याकाळी तिने माझ्या मुलाला गाठून हळूच विचारलं, “भैया, आंटी की तबीयत तो ठीक है ना?”

तब्येत ठणठणीत होती. मी फक्त इंग्लंडमधली एक म्हातारी झाले होते आणि बसची वाट बघताना मला ‘चिल’ बाधली होती.

हा सगळा खटाटोप माझ्या सुनेसाठी होता. ती नर्स आहे. तेव्हा इथल्याच एका खासगी हॉस्पिटलात काम करायची. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलाने तिला घ्यायची तयारी दाखवली होती, पण त्याआधी नर्सांसाठीची इंग्रजीची परीक्षा पास होणं भाग होतं. ऐकणं, वाचणं आणि लिहिणं तिने पहिल्याच फटक्यात जिंकलं. बोलण्यात मात्र ती थोडक्यात घसरली. त्या भागात परीक्षक पेशंट होतो, आपण नर्स व्हायचं, आणि दोघांनी काही मिनिटं बोलायचं. आता पुन्हा एकदा परीक्षा देता येणार होती. तीही हुकली तर ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार, असं तिकडून स्पष्ट कळवलं होतं.

घसरली कशावरून, ते तिला तेव्हाच कळलं होतं. परीक्षक बाई म्हातारीच्या आवाजात म्हणाल्या, “आय थिंक आय हॅव कॉट अ चिल.” आमच्या सुनेने फक्त ‘चिल’ ऐकलं आणि तिच्या डोक्यात घंटा वाजली. आमच्याकडे पावसाळा सुरू झाला की हॉस्पिटलातल्या केसपेपरांवर ‘फीवर विथ चिल्स’ हे शब्द असायचेच. चिल्स म्हणजे ताप चढताना भरणारी हुडहुडी, दात वाजवणारी, पलंग हलवणारी. तिने लगेच विचारपूस सुरू केली, थरथर कधीपासून आहे, ताप किती चढतो, डास चावले होते का, आता रक्त तपासावं लागेल, घरी जाता येणार नाही. त्या बाई आपल्या परीने सांगत होत्या की तसं काही नाही, जरा वाऱ्यात उभी राहिले इतकंच. पण आमची सून एकदा मलेरियाच्या मागे लागली की डासाचीही सुटका नसते.

निकालानंतर तिने हे सगळं तिला ऑनलाइन शिकवणाऱ्या केरळच्या शिक्षिकेला सांगितलं. त्या म्हणाल्या, अगं, ‘अ चिल’ वेगळी आणि ‘चिल्स’ वेगळ्या. एकटी चिल म्हणजे थंडी बाधली, जरा कसकस वाटतेय, गरम काहीतरी प्यावं आणि पडावं. तिला शेवटी ‘स’ लागला की हुडहुडी. आणि ‘कोल्ड’ म्हणजे वाहणारं नाक, पण ‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे नाकाशी काही संबंध नाही, नुसती थंडी वाजतेय.

हे ऐकून माझ्या मुलाने लॅपटॉपवरून मान वर केली. तो घरून काम करतो, म्हणजे घरातल्या प्रत्येक बोलण्यात तोंड घालायला मोकळा. “अरे यार, चिल म्हणजे चिल. एंजॉय. चिल करो ना दोघी.”

त्याला मी आत चहा टाकायला पाठवलं.

मला स्वतःला या गोंधळाचं काही विशेष वाटलं नाही. थंडीच्या एका शब्दाने आमच्या घरात आधीच एक पराक्रम केलेला होता.

सून रत्नागिरीकडची. लग्न होऊन आली ती ऐन जानेवारीत. तोवर तिने स्वेटर फक्त दुकानात टांगलेला पाहिला असावा. त्या दिवसांत ग्वाल्हेरला सकाळ अशी होतच नाही, पांढऱ्या कोहऱ्यातून, म्हणजे धुक्यातून, दुपारच एकदम उगवते. ती आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी पलंगावर रजाईत बसले होते, दार उघडं होतं आणि वारा सरळ आत येत होता. मी तिला म्हटलं, “दार लावून घे ग, मला फार सर्दी लागते आहे.”

तिने दार लावलं. मग स्वयंपाकघरात तवा ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ती बाहेर आली ती रुमालात बांधलेली गरम ओव्याची पुरचुंडी घेऊन. “आई, हुंगा.”

नवी सून काही हुंगायला देते तर नाही कसं म्हणायचं? मी हुंगलं. वास छान होता. “हे कशासाठी?” मी विचारलं.

“नाक मोकळं होईल.”

“माझं नाक मोकळंच आहे.”

“मग सर्दी?”

“सर्दी बाहेर आहे ग. नाकात कशाला असेल?”

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. सर्दी तिथे कोहऱ्यात उभी असेल तर दिसावी, अशा बेताने पाहिलं. मग तिला हसू आवरेना आणि माझं डोकं तापलं. तिच्या मराठीत सर्दी नाकात होते. आमच्या मराठीत नाकात होतो तो जुकाम, आणि सर्दी म्हणजे दिवाळीनंतर येते आणि होळीला जाते ती. आमचे पूर्वज दख्खनमधून फौजेबरोबर आले आणि इथल्याच शिंदे की छावनीत राहिले. माझं माहेर तिथलंच. इतक्या पिढ्या हिंदीच्या भिंतीला भिंत लावून राहिल्यावर शब्दांची थोडी अदलाबदल होणारच. पण हे सगळं तिला शांतपणे समजावून सांगणारी मी नव्हे. “रत्नागिरीहून मला मराठी शिकवायला आलीस का?” एवढंच म्हणाले. तरी ती हसतच होती. मग मलाही हसू आलं, आणि तो ओवा आम्ही दुसऱ्या दिवशी भज्यांत घातला.

तेव्हापासून आमच्या घरात कोणीही ‘सर्दी’ म्हणालं की दुसऱ्याने विचारायचंच, “नाकातली की हवेतली?” मुलगा साहेबांशी फोनवर बोलत असला तरी मागून हा प्रश्न ऐकू यायचा.

तर त्या उन्हाळ्यात, दुसऱ्या परीक्षेसाठी, मी पेशंट झाले. मुलाला काम होतं, आणि त्याच्यासमोर सुनेला सारखं हसू यायचं. माझ्याकडे वेळ होता आणि इंग्रजीही होतं, मात्र दफ्तरातलं. मी वीज मंडळाच्या दफ्तरात, म्हणजे कचेरीत, इंग्रजी टायपिस्ट म्हणून लागले होते. पुढे सगळा कारभार हिंदीत आला, पण त्या जुन्या पत्रांची वळणं बोटांतून कधी गेली नाहीत. पहिल्या दिवशी तिने विचारलं, काय त्रास होतोय, आणि मी म्हणाले, “आय बेग टू स्टेट दॅट आय ॲम नॉट फीलिंग वेल.”

“अहो आई, पेशंट अर्ज करत नाही.”

“का? विनयाने सांगितलं तर औषध कमी मिळतं?”

हळूहळू मला या कामाची गोडी लागली. आयुष्यभर मी समजूतदार म्हणून ओळखली गेले होते, म्हणजे ज्याला त्याला माझी गैरसोय करायची मोकळीक होती. आता कुरकुर करणं हेच माझं काम होतं. चहा गार आहे, उशी टणक आहे, डॉक्टर कुठे उलथलेत, सगळं इंग्रजीत. सून न चिडता उत्तरं द्यायची. तिचं इंग्रजी दिवसेंदिवस मोकळं होत होतं. तिचा आवाज पलंगाशेजारी बसल्यासारखा मऊ यायला लागला होता, आणि तो ऐकताना मला वाटायचं, हिच्या हाताखाली आजारी पडायला हरकत नाही.

अडचण एकच होती, तो शेवटचा ‘स’. मी त्याच वर्षी नवी कवळी बसवली होती. तिच्यामुळे माझा ‘स’ एकतर शिट्टीसारखा बाहेर यायचा नाहीतर गिळला जायचा. मी ‘चिल्स’ म्हणायचे आणि तिला ‘चिल’ ऐकू यायचं. मी साधी ‘चिल’ म्हणायचे आणि कवळी आपल्या मर्जीने मागे काहीतरी जोडायची. ती थंडी बाधलेल्या म्हातारीला मलेरिया सांगायची आणि हुडहुडी भरलेल्या म्हातारीला आल्याचा चहा.

जूनमधल्या एका दुपारी वीज गेली. कूलर थांबला, भिंती तापलेल्या, घामाने शाल अंगाला चिकटलेली. सून रात्रपाळी करून आली होती आणि नीट झोपलीही नव्हती. मी तो ‘चिल’ शब्द उच्चारला. तिने हुडहुडी धरली, मी नकारार्थी मान हलवली. तिने साधी थंडी धरली. मी इंग्रजीत कण्हत म्हणाले की सकाळपासून मी थरथरते आहे, पण तुला माझी काळजीच नाही. तिने पुन्हा हुडहुडी धरली. मी म्हणाले, मी कुठे म्हणाले हुडहुडी?

ती उठून उभी राहिली. “तुम्ही मुद्दाम करताय.”

मी शाल काढून ठेवली. ती खिडकीपाशी गेली आणि पाठमोरी राहूनच तिने विचारलं, “आई, मी जायला नकोय का तुम्हाला?”

असा प्रश्न सरळ विचारला तर मी वाकडं उत्तर देऊ शकत नाही. हे गेल्यापासून ह्या घरात सकाळी पहिला आवाज तिचाच व्हायचा, भांड्यांचा आणि तिच्या कोकणी हेलाचा. आधी ती जाणार होती, मग काही महिन्यांनी मुलगा, आणि मग मी थाटीपूरला कूलरचा आवाज ऐकत बसणार होते. ते मला रोज डोळ्यांसमोर दिसत होतं.

“नकोच आहे,” मी म्हणाले. “तू जाऊ नये असंच वाटतं मला. पण नापास होऊन इथे राहिलेली सून मला त्याहून नको. मग उद्या वरण पातळ झालं तरी मी समजेन परीक्षेचंच दुःख करते आहे. मी तर म्हणते, जा. पास होऊन जा.”

ती वळली. डोळे भरले होते आणि ओठ हसत होते. ती परत येऊन माझ्याजवळ पलंगावर बसली. “पण आई, मी ओळखायचं कसं? तुमचा ‘स’ ऐकूच येत नाही.”

“तिथल्या म्हाताऱ्यांनाही कवळ्या असतीलच ना.”

“तेच म्हणतेय मी. मग कसं ओळखायचं?”

“ओळखतेस कशाला?” मी म्हणाले. “विचार ना. त्या दिवशी तवा ठेवण्याआधी विचारलं असतंस तर तेवढा खटाटोप वाचला असता.”

मग हळू आवाजात, स्वतःशीच म्हणाल्यासारखी, ती म्हणाली, “नाकातली की हवेतली.”

“आता हेच इंग्रजीत विचार.”

तिने जरा शब्द जुळवले. मग माझा हात हातात घेतला आणि इंग्रजीत विचारलं, तुम्ही चिल म्हणता म्हणजे नेमकं काय होतंय, नुसतं गारठल्यासारखं वाटतंय की अंग थरथरतंय? मी माझ्यातल्या इंग्लंडच्या म्हातारीला विचारून उत्तर दिलं की नुसतं गारठल्यासारखं. मग तिने माझ्या खांद्यांवर शाल घातली, उकडून जीव जात असताना, आणि मी ती घालू दिली.

त्यानंतर तिने शब्दांचे अर्थ घोकणं कमी केलं आणि विचारणं वाढवलं. शिक्षिकेलाही ते आवडलं. पेशंटला आधी नीट विचारून घेतलेलं परीक्षकांना बघायचंच असतं, असं त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, हे आधी सांगितलं असतं तर मी शालीत शिजले नसते.

परीक्षा दिल्लीला होती. मुलगा तिला घेऊन गेला. मी घरी एकटीच. आंघोळ झाली, पूजा झाली, घासलेली भांडी पुन्हा घासून झाली, तरी घड्याळ पुढे सरकेना. शेवटी फोन वाजला.

“काय झालं? चिल आली का?”

“आई, चिल आलीच नाही.”

इतका उन्हाळा मी ज्या शब्दासाठी घामाने निथळत होते तो शब्दच आला नाही. मला परीक्षकांचा रागच आला. पण ती सांगत होती ते वेगळंच होतं. या वेळचे पेशंट एक आजोबा होते. ते म्हणाले, माझा पाय जरा ‘फनी’ झाला आहे. फनी म्हणजे गमतीदार एवढंच तिला माहीत होतं. पाय गमतीदार कसा होईल? पहिल्या वेळी ती गडबडली असती, नाहीतर उगाच हसली असती. या वेळी तिने विचारलं, फनी म्हणजे नेमकं कसं वाटतंय, बधिर झालाय की दुखतोय? आजोबा म्हणाले, बधिर. आणि तिथून पुढे सगळं नीट चालत गेलं.

“म्हणजे नाकातली की हवेतली,” मी म्हणाले.

“हो ना,” ती म्हणाली. “पायातली.”

ती पास झाली. निकाल कळला तेव्हा तिने मला मिठी मारली आणि माझी कवळी हलली. मुलगा म्हणाला, “देखा, मैं बोल रहा था ना, चिल करो,” आणि त्याला पुन्हा चहा टाकायला जावं लागलं.

दिवाळी इथे करून ती गेली. जाताना मी तिच्या सामानात तिळाची गजक, दोन स्वेटर आणि ओव्याचं पाकीट घातलं. ओवा ठेवताना दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. स्टेशनवर तिने वाकून नमस्कार केला तेव्हा मी तिला म्हणाले, “रडू नको. मी पण नाही रडत.” दोघीही रडलो. मला त्याची लाज वाटत नाही.

पहिले काही आठवडे तिचे फोन छोटे असायचे, खालच्या आवाजात. मी विचारायचे, जमतंय का? ती म्हणायची, जमतंय. वॉर्डातली माणसं तिचं नाव नीट घेत नाहीत आणि ती त्यांचे शब्द नीट घेत नाही, पण ही विचारते आणि ती सांगतात. एक म्हाताऱ्या बाई तिला रोज विचारायच्या, तू कुठून आलीस, आणि ती एक दिवस रत्नागिरी सांगायची आणि एक दिवस ग्वाल्हेर. मी विचारलं, खरं कुठलं? ती म्हणाली, जसा दिवस असेल तसं.

मग जानेवारी आला. इथे कोहरा इतका की समोरचा विजेचा खांब दिसेना. मी रजाईत बसले होते, मुलगा बाजूच्या खोलीत कामात होता, आणि तिचा फोन आला. पडद्यावर तिचं तोंड टोपी आणि मफलर यांच्या मधोमध एवढंसं दिसत होतं. नाकाचा शेंडा लाल.

“आई,” ती म्हणाली, “फार सर्दी आहे हो.”

परक्या मुलखात एकटी, रात्रपाळ्या, अंगात स्वेटर घातला की नाही कोण बघणार. मी म्हणाले, “केव्हापासून? वाफ घेतलीस का? ओवा दिला आहे ना मी, पुरचुंडी करून हुंग. आणि उद्या सुट्टी घे, डोकं धुवू नको.”

पडद्यावर तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, हिला आता हुडहुडीच भरली, आणि मी मुलाला हाक मारणार तेवढ्यात मला दिसलं की ती हसते आहे. पहिल्या जानेवारीत हसली होती तशीच, अनावर.

“अहो आई,” ती म्हणाली, “विचारायचं असतं ना आधी.”

ती तिच्या मराठीत बोलते आहे असं मी धरून चालले होते, आणि ती बोलत होती माझ्या मराठीत.

“हवेतली आहे,” ती म्हणाली. “आपली. ग्वाल्हेरची.”

तिच्या मागे खोलीचं दार उघडं दिसत होतं आणि त्यातून आत आलेल्या वाऱ्याने मफलरचं टोक हलत होतं.

“मग दार लावून घे ग,” मी म्हणाले.